फ्लोरिडातली अस्वलांची शिकार आणि २०२७ पासून येणारी शिकारी कुत्री: विरोध का आणि कसा करायचा

वेकिवाकाठ

नमस्कार मंडळी,

या डिसेंबरात, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, फ्लोरिडामध्ये दहा वर्षांनी पुन्हा अस्वलांची शिकार होणार, ही बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाने (पुढे नुसतं 'आयोग' म्हणते) १३ ऑगस्ट २०२५ ला ती पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केली. ६ ते २८ डिसेंबर हा काळ, १७२ परवाने, एका परवान्यावर एक अस्वल. परवाने सोडतीने दिले. अर्जाला पाच डॉलर आणि एकाने हवे तितके अर्ज करावेत, असा नियम. दीड लाखाच्या वर अर्ज आले.

बातम्या सहसा इथेच संपतात. त्याच ठरावातली पुढची गोष्ट फारशी कुणी वाचलेली नाही, म्हणून हा धागा. २०२७ पासून अस्वलांमागे कुत्री सोडायलाही परवानगी मिळणार आहे, एका वेळी सहापर्यंत. शिवाय खासगी जमिनीवर जिथे जनावरांना खाद्य टाकलं जातं, तिथे बसून अस्वल मारता येईल. २०१५ च्या शिकारीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. म्हणजे शिकार परत आली एवढंच झालेलं नाही, ती वाढवून आणली आहे.

२०१५ मध्ये काय झालं ते आधी सांगते. २४ ऑक्टोबरला शिकार सुरू झाली. ती सात दिवस चालायची होती आणि राज्यभराची मर्यादा ३२० अस्वलं होती. परवाने मागेल त्याला दिले, साडेतीन हजारांहून जास्त विकले गेले. दोन दिवसांत ३०४ अस्वलं मेली आणि शिकार बंद करावी लागली. पॅनहँडलच्या (फ्लोरिडाच्या वायव्येची लांबट पट्टी) पूर्वेकडच्या भागात तर मर्यादा ४० होती आणि दुपटीहून जास्त मेली. अस्वलं मोजणीच्या ठिकाणी आणल्यावर त्यात दूध पाजणाऱ्या माद्याही निघाल्या. पिल्लं सोबत असतील तर मादी मारायची नाही, हा नियम तेव्हाही होता. पण मादी खायला बाहेर पडते तेव्हा पिल्लं झाडावर ठेवून जाते. खाली उभ्या माणसाला ती एकटीच दिसते. पुढच्या वर्षी आयोगाने शिकार घेतली नाही, ती आत्तापर्यंत.

आता कुत्र्यांचं काम कसं चालतं ते. पिकअपच्या मागे पिंजरे असतात आणि नाकाने सर्वात तिखट कुत्रा वर फळीवर बांधलेला असतो. गाडी जंगलातल्या रस्त्याने सावकाश जात राहते. त्या कुत्र्याला वास लागला की तो भुंकतो, मग बाकीची सोडतात. प्रत्येकाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा. शिकारी गाडीतच बसून हातातल्या पडद्यावर बघतो, कुत्री कुठे पळताहेत, कुठे थांबलीत. काळं अस्वल थकलं की झाडावर चढतं. कुत्री बुंध्याभोवती भुंकत राहतात. मग माणूस तिथवर चालत जातो आणि वर बघून गोळी घालतो.

याला शिकार म्हणावं का हा वाद मी घालत नाही. माझा मुद्दा साधा आहे: कुत्र्याला मर्यादा, हद्द आणि पिल्लं यातलं काही कळत नाही. ते सुटलं की मादी आहे का नर, वजन शंभर पौंडांच्या वर आहे का खाली, जमीन सरकारी आहे का कुणाची खासगी, हे बघणारं कुणी उरत नाही. माणूस पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि नेम चांगला असण्याचं, संयमाचं जे कौतुक शिकारी मंडळी करतात, ते झाडाच्या फांदीला चिकटलेल्या जनावरावर लागू पडत नाही.

मी ऑरलँडोच्या उत्तरेला वेकिवा नदीच्या बाजूला राहते. अस्वल आमच्या गल्लीत येतं. आमच्या कचऱ्याच्या जुन्या डब्याच्या झाकणावर, बिजागरीच्या बाजूला, पाच नखांच्या खोल रेघा आहेत. दात लावून कड वाकवलेली आहे. भीती वाटते, वाटणारच. पण गल्लीत येणारं हे अस्वल डिसेंबरात कुणी मारणार नाही, कारण वस्तीत बंदूक चालत नाही. मरणार ते आत जंगलातलं, ज्याने कुणाचा डबा पाहिलेलासुद्धा नाही.

तुमची मतं लिहा. विरोधी असली तरी लिहा.

---

टाम्पाकर

ताई, लेख मनापासून लिहिलाय हे दिसतंय. तरी दुसरी बाजू मांडतो.

१९७० च्या दशकात फ्लोरिडात तीनशे ते पाचशे अस्वलं उरली होती. आज चार हजारांच्या आसपास आहेत. २०१२ मध्ये ती राज्याच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढली. हे यश आहे आणि ते त्याच आयोगाचं आहे. अमेरिकेत चाळीस राज्यांत अस्वलं कायमची राहतात, त्यातल्या चौतीस राज्यांत शिकार चालते आणि तिथे अस्वलं संपलेली नाहीत. १७२ परवाने म्हणजे सगळे वापरले गेले तरी चार टक्के. २०१५ सारखे वाटेल तेवढे परवाने यावेळी नाहीत. चूक सुधारली आहे, ते श्रेय द्यायला नको का?

आणि मे महिन्यात कोलियर काउंटीत जेरोमजवळ एका वृद्ध गृहस्थांना अस्वलाने मारलं. फ्लोरिडाच्या नोंदीतला असा पहिला मृत्यू. त्यांचा कुत्राही गेला. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना आपण काय सांगायचं?

शिवाय इथे वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या पैशातून भागतो. १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर थेट वन्यजीवांच्या कामाला जातो. अधिवास टिकवायला जमीन विकत घेतात ती अशाच पैशातून. आपण, म्हणजे फोटो काढणारी माणसं, तेवढे पैसे देतो का?

कुत्र्यांबद्दल मला तितकी माहिती नाही, त्यावर बोलत नाही.

---

वेकिवाकाठ

टाम्पाकर, मुद्देसूद प्रतिसादाबद्दल आभार. एकेक घेते.

सोडतीची पद्धत २०१५ पेक्षा बरी आहे, हे मान्य. पण चार हजारांचा आकडा कधीचा आहे ते बघा. राज्यभर मोजणी झाली ती २०१४-१५ च्या सुमाराला. जंगलात काटेरी तारेचं कुंपण करून मध्ये गोड खाद्य ठेवायचं, तारेला अडकलेले केस गोळा करायचे आणि डीएनएवरून अस्वलं ओळखायची, अशी ती पद्धत. पद्धत चांगली आहे, आकडा जुना आहे. त्यानंतर दहा वर्षांत ऑरलँडो आणि नेपल्सच्या भोवती किती घरं उठली हे तुम्ही-आम्ही बघतोच आहोत. गाड्यांखाली दर वर्षी अडीचशे ते तीनशे अस्वलं मरतात. म्हणजे तुमचे चार टक्के शून्यावर नाहीत, या मरणावर चढणार आहेत. आधी मोजा, मग मारायचं का ते ठरवा, असा क्रम हवा होता.

जेरोमच्या घटनेबद्दल. त्या घरावर जे कोसळलं त्याला शब्द नाहीत. पण तेव्हा आयोगाच्या माणसांनी लगेच त्या भागात तीन अस्वलं मारली आणि डीएनए त्यातल्या एका नराशी जुळलं. म्हणजे माणसावर चालून येणारं अस्वल मारायचा अधिकार आजही आहे आणि तो वापरलाही जातो. त्याला मी कधीच विरोध केलेला नाही. प्रश्न आहे तो तीनशे मैलांवरच्या ओसिओलाच्या जंगलात मारलेल्या अस्वलामुळे जेरोममधलं माणूस कसं सुरक्षित होतं, हा.

बंदुकीवरच्या कराचं बरोबर आहे. पण तो कर देणाऱ्यांत नेमबाजीच्या रेंजवर जाणारे आणि घरात नुसती बंदूक ठेवणारे लोकही खूप आहेत. अस्वलाची शिकार बंद झाली म्हणून तो पैसा आटत नाही. गेली दहा वर्षं फ्लोरिडात ती बंदच होती.

---

सिएरावासी

कॅलिफोर्नियातून लिहितोय. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, म्हणून अनुभव सांगतो.

२०१० मध्ये इथल्या आयोगापुढे असाच वाढीव प्रस्ताव आला होता. अस्वलांची वार्षिक मर्यादा वाढवायची, सॅन लुईस ओबिस्पो काउंटीत नव्याने शिकार सुरू करायची आणि कुत्र्यांना जीपीएसचे पट्टे लावू द्यायचे. लोकांनी इतकी पत्रं पाठवली की प्रस्ताव मागे घेतला. मग २०१२ मध्ये आयोगाच्या अध्यक्षांनीच आयडाहोमध्ये जाऊन कुत्र्यांच्या मदतीने पहाडी सिंह (प्यूमा) मारला आणि त्याच्यासोबतचा फोटो छापून आला. डॅन रिचर्ड्स त्यांचं नाव. तिथे ते कायदेशीर होतं, पण कॅलिफोर्नियात पहाडी सिंहाच्या शिकारीवर लोकांनी १९९० मध्येच मतदानाने बंदी घातलेली. फार गदारोळ झाला. त्याच वर्षी टेड लिऊ यांनी राज्याच्या सिनेटमध्ये विधेयक आणलं, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सही केली आणि २०१३ पासून अस्वल आणि बॉबकॅट (एक रानमांजर) यांच्यामागे कुत्री सोडायला बंदी आली.

यातलं महत्त्वाचं हे: अस्वलाची शिकार बंद झाली नाही. वर्षाला १,७०० ची मर्यादा तशीच राहिली. पण बंदीनंतर एकाही वर्षी ती मर्यादा गाठली गेली नाही. आधी मारल्या जाणाऱ्या अस्वलांपैकी जवळपास निम्मी कुत्र्यांच्या जोरावर मारली जात होती. फ्लोरिडावाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. कुत्री आली की परवान्यांपैकी 'यशस्वी' होणारे परवाने वाढतात. आज १७२ पैकी किती वापरले जातील ते हवामानावर, चिकाटीवर अवलंबून आहे. कुत्री आल्यावर ती अडचण उरत नाही.

टाम्पाकरांसाठी: आमच्याकडेही २०२३ मध्ये डाउनीव्हिल गावात एक वृद्ध बाई अस्वलाच्या हल्ल्यात गेल्या. त्याचा आधार घेऊन २०२५ मध्ये कुत्री परत आणण्याचं विधेयक विधानसभेत आलं. ते समितीतच अडलं. ताहो तलावाकाठी तर अस्वलं लोकांच्या स्वयंपाकघरात शिरतात, फ्रीज उघडतात. तिथे उपयोग झाला तो लोखंडी बेअर बॉक्सचा. कचरा त्यात टाकायचा, आत हात घालून खिट्टी दाबल्याशिवाय तो उघडत नाही आणि अस्वलाचा पंजा त्या फटीत जात नाही.

---

दख्खनी

सिएरावासींच्या प्रतिसादात थोडी भर. कोलोरॅडोने १९९२, ओरेगॉनने १९९४ आणि वॉशिंग्टनने १९९६ मध्ये सार्वमत घेऊन अस्वलामागे कुत्री सोडायला आणि आमिष टाकायला बंदी घातली. कोलोरॅडोत सत्तर टक्के लोक बाजूने होते. मेन राज्यात मात्र २००४ आणि २०१४ असं दोनदा मतदान झालं आणि दोन्ही वेळा बंदीवाले हरले.

मला सर्वात अस्वस्थ करणारं उदाहरण मोंटानाचं वाटतं. तिथे १९२१ पासून कुत्र्यांना बंदी होती. एकविसाव्या शतकात, २०२१ मध्ये, शंभर वर्षांनी ती उठवली. म्हणजे एकदा जिंकलं की झालं, असं इथे काही नाही.

---

जाईजुई

धागा उत्तम. एक प्रश्न. आम्ही जॅक्सनव्हिलला आहोत, दोघं एच-वन-बीवर. मतदान नाही, मग या विषयात बोलायचा आपल्याला अधिकार तरी आहे का? नवरा म्हणतो परदेशात राहून अशा भानगडीत पडू नये. इथल्या लोकांना बंदुकीचं प्रेम, उगाच वाईटपणा कशाला.

---

वेकिवाकाठ

जाईजुई, आयोगाकडे लेखी म्हणणं कुणीही पाठवू शकतं. त्यांच्या संकेतस्थळावर त्यासाठी जागा आहे. बैठकीलाही कुणीही जाऊ शकतं. दारात एक कार्ड भरून द्यायचं, नाव पुकारलं की माइकपाशी जायचं. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून लिहून न्यावं. नागरिकत्व कुणी विचारत नाही. आयोगाचे सदस्य निवडून आलेले नसतात, गव्हर्नर नेमतात. त्यामुळे मतदार असणाऱ्यालाही शेवटी पत्र आणि तीन मिनिटं एवढंच हातात असतं.

वाईटपणाचं म्हणाल तर, माझ्या शेजारचे काका जन्मभर हरणांची शिकार करत आले आहेत. त्यांच्याशी मी हे सगळं बोलते. ते कुत्र्यांच्या विरोधात आहेत. त्यांचं कारण माझ्यापेक्षा वेगळं आहे: पॅनहँडलमध्ये त्यांच्या भावाची जमीन आहे आणि हरणांमागे सुटलेली कुत्री दर हंगामात कुंपण ओलांडून आत येतात. मागोमाग त्यांचे मालक. फ्लोरिडात हरणांसाठी कुत्री वापरायला परवानगी आहे आणि जमीनमालकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. हरणाची ही कथा, तर अस्वल हरणापेक्षा कितीतरी लांब पळतं.

---

मेंडोटा

विस्कॉन्सिनहून. आमच्याकडे कुत्रीही चालतात आणि आमिषही. १ जुलै ते ३१ ऑगस्ट हा कुत्र्यांना शिकवण्याचा हंगाम असतो. या काळात गोळी घालायची नाही, फक्त पळवायचं. कागदावर निरुपद्रवी वाटतं. पण ऐन उन्हाळ्यात, अंगावर ती काळी लोकर घेऊन, सोबत सहा-सात महिन्यांची पिल्लं असलेली मादी मैलोनमैल पळवली जाते. एका दिवसात एकाच अस्वलामागे दोन वेगळे जथे लागल्याचंही ऐकलंय. फ्लोरिडात तर उष्मा आणखी. तिथे असा 'सरावाचा' हंगाम येणार असेल तर शिकारीपेक्षा त्याच्याकडे जास्त लक्ष द्या, कारण त्याची मोजदाद कुणीच ठेवत नाही. मेलेलं अस्वल मोजलं जातं, थकवून सोडलेलं नाही.

दुसरं, लांडगे. जुलै-ऑगस्टमध्ये लांडगे पिल्लांना एका जागी ठेवून असतात. तिथे भुंकत कुत्री शिरली की लांडगे ती फाडतात. दर वर्षी शिकारी कुत्री अशी मरतात आणि राज्य मालकाला एका कुत्र्यामागे अडीच हजार डॉलरपर्यंत भरपाई देतं. मग तोच माणूस लांडग्यांची शिकार सुरू करा म्हणून ओरडतो. एक जनावर पळवण्यासाठी दुसरं मारलं जातं, त्यासाठी तिसऱ्यावर राग.

हे लिहिताना एक सांगितलंच पाहिजे. कुत्री पाळणारी ही माणसं क्रूर असतात असं नाही. आमच्या शेजारच्याने कुत्र्यांचे पाय रोज रात्री तपासलेले, काटे काढलेले मी पाहिलेत. प्लॉट, ब्लूटिक, वॉकर अशा जातींच्या वंशावळी त्याला पाठ आहेत. त्याच्या आजोबांपासूनची परंपरा आहे. म्हणूनच त्याच्याशी बोलणं अवघड जातं.

---

कुडाळी

मेंडोटांच्या शेवटच्या परिच्छेदावरून लिहावंसं वाटलं.

आमच्या सिंधुदुर्गात डुकराच्या शिकारीला कुत्री नेतात. कायद्याने गुन्हा आहे, तरी चालतं. हाकारे एका बाजूने रान उठवतात, बंदूकवाले वाटेवर बसतात, कुत्री डुकराला घेरतात. लहानपणी आमच्या वाडीतला एक कुत्रा असाच परत आणला होता. डुकराच्या सुळ्याने पोट बरगडीपासून मांडीपर्यंत उघडलेलं. गोणपाटावर निजवला, दोघांनी पाय धरले, एकाने जखमेत हळद भरली आणि दाभणाने दोऱ्याचे टाके घातले. कुत्रा ओरडला नाही. नुसता धापा टाकत मालकाच्या तोंडाकडे बघत होता. तो जगला आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेला. त्या वेळी मात्र परत आला नाही.

त्या मालकाचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण जायचं की नाही हे कुत्र्याला कुणी विचारलं नव्हतं. या सगळ्या चर्चेत अस्वलाचं बोललं जातं आणि ते बरोबरच आहे. कुत्र्याचंही कुणीतरी बोला. अस्वलाच्या एका फटक्यात त्याचा जबडा जातो.

---

मोहफूल

मी गोंदिया जिल्ह्यातली, नागझिऱ्याच्या बाजूची. आमचं अस्वल वेगळं, तुमचं वेगळं, तरी लिहिते.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुलं पहाटे पडतात म्हणून बायाबापडे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही मोह आवडतो. वाकून फुलं वेचणाऱ्या माणसाला ते दिसत नाही आणि त्याला माणूस. अगदी जवळ आल्यावर दोघं दचकतात आणि ते तोंडावर झेप घेतं. माझ्या आईच्या गावात एक काका आहेत, त्यांची एक बाजू, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, गेलेली आहे. ते रुमाल बांधून वावरतात. म्हणून अस्वलाला घाबरणाऱ्या माणसावर कुणी हसू नये, एवढं आधी.

पण भारतात अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार नाही म्हणजे नाही. आमच्या लोकांनी त्यातूनच वाटा काढल्या: एकट्याने जायचं नाही, बोलत जायचं, काठी आपटत जायचं, उजाडेपर्यंत थांबायचं. मोहाखालचा पाला जाळत असत, तो जाळू नये म्हणून खाली जाळी पसरायची. अजून हल्ले होतात, थांबलेले नाहीत. तरी कुणी मला असं म्हटलेलं नाही की नागझिऱ्यातली अस्वलं सोडत काढून मारा.

आता एक फरक, जो या धाग्याला लागू पडतो असं मला वाटतं. आमचं अस्वल वाघासोबत वाढलं. वाघापुढे झाडावर चढून भागत नाही, म्हणून ते उभं राहतं आणि अंगावर येतं. मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. अमेरिकेतलं काळं अस्वल उलट आहे. धोका आला की झाड. मादी पिल्लांना आवाज देऊन झाडावर चढवते आणि स्वतः दुसरीकडे पळते, कधी त्याच झाडाखाली थांबते. हजारो वर्षं हीच युक्ती तिच्या कामी आली. कुत्र्यांची शिकार नेमकी त्या युक्तीवर उभी आहे. कुत्री मादीच्या मागे लागली तर पिल्लं कुठल्या तरी झाडावर मागे राहतात, आणि काही मैलांवर झाडावर चढलेल्या मादीसोबत पिल्लं दिसत नाहीत. नियमाप्रमाणे ती मग 'एकटी मादी' ठरते.

---

वेकिवाकाठ

मोहफूल, तुमचा शेवटचा परिच्छेद मी आयोगाला पाठवणाऱ्या पत्रात घेऊ का? इतकं नेमकं मला मांडता आलं नव्हतं.

यावर आयोगाचं म्हणणं काय ते प्रामाणिकपणे सांगते. डिसेंबरात गाभण माद्या गुहेत किंवा झुडपाखालच्या बिळात शिरलेल्या असतात, त्यामुळे माद्या कमी मरतील, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. काळ्या अस्वलात समागम जून-जुलैत होतो, पण गर्भ लगेच रुजत नाही. तो थांबून राहतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर, मादीच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच, रुजतो. पिल्लं जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. म्हणजे शरद ऋतूत ती काय खाते यावर सगळं आहे. ओकची फळं आणि सॉ पामेटो या बुटक्या ताडाची बोरं हे तिचं मुख्य अन्न. ही बोरं औषधांसाठी गोणीगोणीने तोडली जात होती. २०१५ मध्ये राज्याच्या वनखात्याने सरकारी जंगलातून ती तोडायचे परवाने बंद केले, चांगलं केलं. पण चोरून तोडणं चालूच आहे. जंगलात बोरं नाहीत म्हणून ती वस्तीत येते आणि वस्तीत आली म्हणून अस्वलं 'फार झाली' असं आपण म्हणतो.

शिवाय पिल्लं आईसोबत दीड वर्ष असतात. पिल्लं सोबत असलेल्या माद्या डिसेंबरात बाहेर फिरत असतात. फ्लोरिडाची थंडी ती काय, काही अस्वलं हिवाळाभर चालतीफिरती असतात. या माद्यांना 'गुहेत आहेत' हे उत्तर लागू होत नाही.

आणि दक्षिण फ्लोरिडातल्या बिग सायप्रसच्या दलदली जंगलात आणखी एक जीव आहे, फ्लोरिडा पँथर, म्हणजे इथला पहाडी सिंह. जगात उरलेत ते जेमतेम १२० ते २३०. त्याच जंगलात सहा-सहा कुत्र्यांचे जथे सोडायचे? कुत्रं पँथरच्या वासावर गेलं तर त्याला मागे कोण बोलावणार?

---

टाम्पाकर

पँथरचा मुद्दा मला पटला. त्याचा मी विचार केला नव्हता.

शिकारीबद्दल माझं मत बदललेलं नाही. सोडतीची, मोजकी, बंदुकीची शिकार मला चालते. पण एक व्यवहाराची सूचना. २०२४ मध्ये फ्लोरिडात दुसऱ्या क्रमांकाची घटनादुरुस्ती झाली, शिकार आणि मासेमारीचा हक्क राज्यघटनेत घातला. सदुसष्ट टक्के मतं पडली. या वातावरणात 'शिकार नको' म्हणून गेलात तर पहिल्या मिनिटाला दार बंद. 'कुत्री नकोत, आमिष नको' म्हणून गेलात तर माझ्यासारखे, तुमच्या शेजारच्या काकांसारखे लोक सोबत येतील. दोन मागण्या वेगळ्या ठेवा.

---

सिएरावासी

टाम्पाकरांशी सहमत. कॅलिफोर्नियात हेच झालं. शिकार बंद करा असं म्हणून काही हाती लागलं नसतं.

---

मोहफूल

मला हे पटत नाही. आपल्याला जे खरं वाटतं ते सोडून जे चालेल तेच मागायचं, तर दहा वर्षांनी आमिष आणि कुत्र्यांशिवायची शिकार ही आपलीच मागणी होती, असं होईल.

वेकिवाकाठ, परिच्छेद खुशाल घ्या.

---

दख्खनी

कचऱ्याचं पत्रात जरूर घाला. कोलोरॅडोतल्या दुरँगो गावात संशोधकांनी हजाराहून जास्त अस्वलरोधक डबे वाटले आणि बाकीच्या भागाशी तुलना केली. डबे दिलेल्या भागात कचऱ्यामुळे होणाऱ्या कुरबुरी साठ टक्के कमी निघाल्या. कॅनडातल्या ओंटारियोमध्येही अभ्यास झालाय. तिथे अस्वलांचा उपद्रव जंगलातलं अन्न कुठल्या वर्षी पिकलं आणि कुठल्या वर्षी नाही याप्रमाणे खाली-वर होतो. जास्त शिकार केली म्हणून तो घटल्याचं दिसलं नाही.

---

जाईजुई

काल रात्री नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. कुडाळींच्या प्रतिसादापाशी तो गप्प झाला. त्याच्या लहानपणी घरी कुत्रा होता. आता आम्ही दोघंही पत्र पाठवणार आहोत. आमच्या एचओएमध्ये (घरमालकांच्या सोसायटीत) पट्टा लावलेले डबे घ्यायला अजून कुणी तयार नाही, तोही विषय पुढच्या बैठकीत काढते. कुठले डबे चांगले?

---

वेकिवाकाठ

जाईजुई, आमच्या सेमिनोल काउंटीत २०१४ च्या हल्ल्यांनंतर नियमच केला. अस्वलांच्या पट्ट्यात कचरा उचलायच्या दिवशी पहाटेपर्यंत डबा बाहेर ठेवायचा नाही, आणि ठेवायचा तर कुलुपाचा. नुसता रबरी पट्टा अस्वल दातांनी ओढतं, तो उपयोगाचा नाही. झाकणाला दोन्ही बाजूंनी धातूची पट्टी आणि आडवा डबा झाला तरी न उघडणारी खिट्टी असलेला घ्या. कचरावाल्यांच्या गाडीने उलटा केल्यावर तो आपोआप उघडतो का हे आधी त्यांना विचारा, नाहीतर ते उचलत नाहीत. पक्ष्यांचं दाणापात्र आणि बार्बेक्यूची जाळीही आत घ्या. सणाला आपण अंगणात नैवेद्य ठेवतो, तोही रात्रभर बाहेर राहू देऊ नका.

टाम्पाकर आणि मोहफूल, तुमच्या दोघांच्या म्हणण्यावर दोन दिवस विचार केला. मी दोन पत्रं पाठवते आहे. पहिलं माझ्या एकटीच्या नावाने: शिकार नको, आधी नवी मोजणी करा, रस्त्यांखाली बोगदे करा, डब्यांना पैसे द्या. त्यातला एकही शब्द मी मऊ केलेला नाही. दुसरं सगळ्यांसाठी, त्यात फक्त चार गोष्टी: २०२७ पासूनची कुत्र्यांची परवानगी रद्द करा, सरावासाठी अस्वलं पळवण्याचा हंगाम कुठल्याही नावाने आणू नका, बिग सायप्रसमध्ये पँथर आहेत तिथे कुठल्याही परिस्थितीत कुत्री नकोत, खाद्याच्या जागेजवळ मारायची सवलत काढा. शिकारीच्या बाजूचे असाल तरी या दुसऱ्यावर सही करता येईल असा मजकूर ठेवला आहे.

बेअर वॉरियर्स युनायटेड या संस्थेने डिसेंबरच्या शिकारीविरुद्ध दावा लावला आहे. त्याचं काय होईल ते होवो, कुत्र्यांचा प्रश्न त्यानंतरही उरतोच आणि त्याला अजून वेळ आहे.

दुसऱ्या पत्राचा मसुदा रविवारी इथे चिकटवते. दुरुस्त्या सुचवा. फ्लोरिडाचा पत्ता असलेल्यांनी तो पत्रात जरूर घाला. बाकीच्या राज्यांतल्यांनीही पाठवा, परवान्याचे अर्ज बाहेरच्या राज्यातूनही स्वीकारले गेले होते.

---

टाम्पाकर

दुसऱ्या पत्रावर माझं नाव घाला. तिसऱ्या मुद्द्यात बिग सायप्रससोबत ओकालोआकूचीचं जंगलही लिहा. तिथेही पँथर आहेत.